खेळात भरताचं वांगं पिकवायचंय? मग आधी एवढी तयारी करा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा भुसावळहून आमच्याकडे यावलला आला होता. स्टारड्यू व्हॅली हा कॉम्प्युटरवरचा शेतीचा खेळ खेळता खेळता त्यानं वांग्याचं पीक घेतलं, काढणी केली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाला, "मामा, हे जांभळं वांगं काय कामाचं? याचं भरीत होतं का?" प्रश्न रास्त होता. आमच्या भागातल्या बामणोद गावचं वांगं ज्यानं पाहिलंय, कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत ज्यानं खाल्लंय, त्याच्या डोळ्यासमोर वांगं म्हटलं की हिरवं, पांढरट रेघांचं, हाताला जड लागणारं फळ येतं. ते खेळात आणायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. सुट्टी संपेपर्यंत ते आलंही, पण निम्मी सुट्टी अशा गोष्टींत गेली ज्या आधी तयार असत्या तर एका दुपारीत उरकल्या असत्या. आपल्या भागातली बरीच मुलं मॉडच्या नादाला लागली आहेत. त्यांची सुट्टी वाया जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

मॉड म्हणजे खेळाडूंनी मूळ खेळात केलेली भर किंवा बदल. एखादं चित्र बदललेलं असेल, नाहीतर अख्खा नवा खेळ उभा राहिलेला असेल. काउंटर-स्ट्राइक १९९९ साली हाफ-लाइफ या खेळाचा मॉड म्हणूनच जन्माला आला. तेव्हा हे पोरखेळ आहे असं घरी कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. चित्रकला, इंग्रजी वाचन आणि प्रोग्रॅमिंग हे तिन्ही यातून हाताला लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सगळ्यात आधी खेळ कोणता ते ठरवा, आणि एकच ठरवा. माझं मत विचाराल तर सुरुवात स्टारड्यू व्हॅलीनं करा. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं बनवलेला हा शेतीचा खेळ २०१६ साली आला. त्याला २ जीबी रॅम आणि अर्धा जीबी जागा पुरते, म्हणजे घरातला जुना लॅपटॉपही चालतो. स्कायरिम मोहात पाडतो हे खरं, पण तिथे प्लगिन, म्हणजे मॉडच्या फाईली, कोणत्या क्रमानं लोड होतात यावर सगळं अवलंबून असतं आणि नवशिक्याचा महिना त्यातच जातो. माइनक्राफ्ट घ्यायचा तर जावा एडिशन लागेल. तिथे मॉड खेळाला जोडणारे फोर्ज आणि फॅब्रिक असे दोन वेगळे लोडर आहेत. एकासाठी लिहिलेला मॉड दुसऱ्यावर सरळ चालत नाही, शिवाय खेळाची आवृत्ती आकड्यानिशी जुळावी लागते. घरात लॅपटॉपच नसेल तर फोनवरच्या बस सिम्युलेटर इंडोनेशियापासून सुरू करा. त्यात बसवर चढवायचं रंगकाम ही एक पीएनजी, म्हणजे चित्राची, फाईल असते. आपली लालपरी रंगवून जळगाव-धुळे पाटी लावणं हाही पहिला मॉड म्हणून उत्तम धडा आहे.

खेळ विकत घेतलेला असू द्या. पेनड्राइव्हवरून आलेली कॉपी कोणत्या आवृत्तीची आहे ते कळत नाही, तिच्यात कुणी काय घुसवलंय तेही कळत नाही, आणि मॉड चालला नाही तर मदत मागायला तोंड राहत नाही.

आता कॉम्प्युटरवरची एक बारीक गोष्ट. दिसायला क्षुल्लक आहे, पण आमचा पहिला अख्खा दिवस हिनंच खाल्ला. विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट, म्हणजे फाईल कोणत्या प्रकारची ते सांगणारा शेवटच्या डॉटपुढचा भाग, लपवून ठेवतं. भाच्यानं नोटपॅडमध्ये मॉडची ओळख सांगणारी फाईल बनवली, नाव दिलं मॅनिफेस्ट डॉट जेसन. जेसन म्हणजे ठरावीक पद्धतीनं लिहिलेली मजकूर फाईल. पडद्यावर नाव बरोबर दिसत होतं, खेळ मात्र म्हणत होता की फाईलच नाही. आम्ही पुन्हा लिहिली, पुन्हा ठेवली, लॅपटॉप बंद करून चालू केला. संध्याकाळी शेपटं दाखवण्याची सोय सुरू केली तेव्हा दिसलं की फाईलचं खरं नाव मॅनिफेस्ट डॉट जेसन डॉट टीएक्सटी होतं. म्हणून फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर आजच टिक करा. मॉड बसवा न बसवा, ही टिक कायम राहू द्या.

इंटरनेट आणि वीज, दोन्हींचा हिशेब आपल्याकडे आधी करावा लागतो. लागणाऱ्या सगळ्या फाईली एकाच बैठकीत उतरवून एका फोल्डरात ठेवा, मग नेट गेलं तरी काम अडत नाही. स्टारड्यूत दिवस संपवून झोपल्यावरच खेळ सेव्ह होतो. दुपारी लाइट गेली तर खेळातला फक्त तो दिवस जातो, पण सेव्ह होत असतानाच गेली तर फाईल बिघडू शकते. युपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर भारनियमनाच्या वेळा पाहूनच बसा.

बॅकअपबद्दल मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. माझी स्वतःची शेती गेलीय. खेळातली तीन वर्षं मेहनतीनं वाढवलेलं शिवार होतं. नवी पिकं देणारा एक मॉड बसवला होता, तो कंटाळा आला म्हणून काढून टाकला. खेळ उघडला तर पेट्यांमध्ये ठेवलेला सगळा माल "एरर आयटम" होऊन बसला होता. ज्या मॉडनं त्या वस्तू आणल्या तोच नाही, मग खेळाला त्या ओळखू येणार कशा? जुनी प्रत मी ठेवली नव्हती. तेव्हापासूनचा माझा नियम असा: विंडोजच्या रन खिडकीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा लिहून एंटर दाबायचं, स्टारड्यू व्हॅली नावाच्या फोल्डरातला सेव्ह्ज फोल्डर उचलायचा आणि तारखेचं नाव देऊन पेनड्राइव्हवर ठेवायचा. नवा मॉड टाकण्याआधी दर वेळी. खाली सांगतो ते स्मापी रोजच्या सेव्हच्या १० प्रती आपणहून ठेवतं, पण त्या त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली की त्याही गेल्या. आणि मॉड करून पाहायला एक वेगळी, नवी शेती उघडा. लाडक्या शेतीवर प्रयोग नकोत.

एवढं झालं की बसवण्याकडे वळा. स्टारड्यूसाठी स्मापी नावाचं मोफत साधन लागतं, तेच मॉडना खेळाशी जोडतं. त्याची उतरवलेली झिप, म्हणजे बांधलेली फाईल, आधी पूर्ण सोडवा. झिपच्या आतूनच इन्स्टॉल चालवायला गेलात तर अडेल. इन्स्टॉल झाल्यावर खेळाच्या फोल्डरात मॉड्स नावाचा फोल्डर दिसतो आणि पुढचे सगळे मॉड तिथेच जातात. खेळाचा फोल्डर सापडत नसेल तर स्टीममध्ये, म्हणजे जिथून खेळ विकत घेतला त्या ॲपमध्ये, खेळाच्या नावावर राइट क्लिक करा, मॅनेजमधून ब्राउझ लोकल फाइल्स उघडा.

स्मापीतून खेळ सुरू केला की सोबत एक काळी खिडकी उघडते. पोरं ती घाबरून बंद करतात. बंद केली की खेळही बंद. ती छोटी करून बाजूला ठेवा आणि वाचायची सवय लावा. लाल ओळ म्हणजे काहीतरी तुटलंय, आणि बहुतेक वेळा कोणत्या मॉडचं काय तुटलं, कोणता दुसरा मॉड हवा होता, हे त्याच ओळीत लिहिलेलं असतं. एका वेळी एकच मॉड टाका, खेळ उघडा, खिडकी बघा, मग दुसरा. वीस मॉड एकदम ओतले आणि खेळ बसला, तर खोट कुणाची ते शोधायला पुन्हा वीस वेळा खेळ उघडावा लागेल.

मॉड कुठून घ्यायचे? नेक्सस मॉड्स या साइटवर खातं उघडा, ते मोफत आहे. उतरवण्याआधी तीन गोष्टी वाचा: सोबत कोणते मॉड लागतात, शेवटचा बदल कधीचा आहे, आणि तुमच्या खेळाच्या आवृत्तीवर लोकांना तो चालतोय का. स्टारड्यूची १.६ आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली तेव्हा बरेच जुने मॉड बंद पडले होते, म्हणून तारीख बघायचीच. नावाजलेल्या जागेवरही डोळे उघडे ठेवा. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या काही मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस पसरला होता, आणि ते मॉड कर्सफोर्जसारख्या मोठ्या ठिकाणी होते. चित्रं बदलणाऱ्या साध्या मॉडमध्ये ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी, फाईल निघाली तर ती उघडू नका. वडिलांच्या बँकेचं काम ज्या लॅपटॉपवर चालतं त्यावर तर अजिबात नाही.

ऑनलाइन सामन्यांच्या खेळांत मॉड टाकायचे नाहीत. जीटीए ऑनलाइनमध्ये मॉड केलेल्या फाईली घेऊन गेलात तर खात्यावर बंदी येऊ शकते.

आता बनवण्याची तयारी, म्हणजे खरा आनंद. पहिल्या मॉडला प्रोग्रॅमिंग लागत नाही. कंटेंट पॅचर नावाचा मॉड बसवा. त्याला चित्र आणि दोन छोट्या मजकूर फाईली दिल्या की तो खेळातलं चित्र बदलून दाखवतो, मूळ फाईलला हात न लावता. हत्यारं दोनच. लिहायला नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड, आणि चित्राला लिब्रेस्प्राइट किंवा ब्राउझरमध्ये चालणारं पिस्केल. सगळी मोफत आहेत. वर्डमध्ये लिहू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि वाकडी चिन्हं जेसनला चालत नाहीत.

आधी खेळातलं मूळ चित्र बाहेर काढायचं. काळ्या खिडकीत इंग्रजीत पॅच एक्सपोर्ट आणि पुढे मॅप्स/स्प्रिंगऑब्जेक्ट्स असं टाइप केलं की सगळ्या वस्तूंच्या चित्रांचा एक मोठा तक्ता खेळाच्या फोल्डरात येऊन पडतो. प्रत्येक वस्तूला १६ बाय १६ पिक्सेलचा चौकोन, एका ओळीत २४ वस्तू. वांग्याचा क्रमांक २७२. मोजणी शून्यापासून, म्हणून २७२ ला २४ नं भागा: भागाकार ११, बाकी ८. बाकीला १६ नं गुणलं की १२८, ही डावीकडून जागा. भागाकाराला १६ नं गुणलं की १७६, ही वरून जागा. पाचवीतला भागाकार इथे कामी येतो हे पाहून भाचा हरखून गेला होता. बाजारभाव काढावा तसा तो भराभर इतर वस्तूंच्या जागा काढत बसला.

चित्र काढायला आम्ही खरं वांगं लॅपटॉपशेजारी ठेवलं. २५६ ठिपक्यांत वांगं बसवायचं म्हणजे काय सोडायचं हे ठरवावं लागतं. कडेला गर्द हिरवी रेघ, आत मधला हिरवा, वरून खाली उतरणारे फिकट पोपटी ठिपक्यांचे दोन ओघळ, आणि देठाची टोपी. एवढ्यावर ते आपलं वांगं दिसायला लागलं. रंग चारच वापरले. कडा फिसकटू नये म्हणून ब्रश न घेता पेन्सिल घ्या, पाठ पारदर्शक ठेवा आणि पीएनजी म्हणूनच जतन करा. जेपीजीत पारदर्शकता राहत नाही, वांग्यामागे पांढरा ठोकळा येतो.

दोन फाईलींपैकी मॅनिफेस्ट ही मॉडची ओळख. तीत मॉडचं नाव, करणाऱ्याचं नाव, आवृत्ती १.०.०, थोडकं वर्णन, दुसऱ्या कुणाशी जुळणार नाही असा एक आयडी, आणि हा कंटेंट पॅचरसाठी आहे अशी नोंद. कंटेंट फाईलमध्ये काम सांगायचं: कोणतं चित्र बदलायचं, आपलं चित्र कुठे आहे, आणि ते १२८, १७६ या जागी १६ बाय १६ मध्ये बसवायचं. फाईलींची आणि फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता ठेवा. एखादा स्वल्पविराम सुटला तरी फाईल वाचली जात नाही, म्हणून स्मापीच्या साइटवरच्या जेसन तपासणीत ती आधी चिकटवून बघा, चूक कोणत्या ओळीत आहे ते ती सांगते. वस्तूचं नाव देवनागरीत टाकायची घाई मात्र करू नका. खेळाच्या मूळ फॉन्टमध्ये आपली अक्षरं नाहीत, तो वेगळा आणि मोठा मॉड आहे.

दुसऱ्या कुणाचं चित्र घेतलं असेल तर त्याला विचारा आणि त्याचं नाव लिहा. परवानगीचं पान प्रत्येक मॉडसोबत असतं. न विचारता कुणाच्या मळ्यातलं वांगं आपण तोडत नाही, तसंच हे.

आमचं वांगं खेळात दिसलं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. आई झोपायला निघाली होती, तिला बोलावून दाखवलं. तिनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हाव, आपलंच आहे. पण देठ मोठा कर." देठ दोन ठिपक्यांनी वाढवला. मग भाच्यानं शेतात चक्कर मारली आणि थबकला. पेटीत वांगं हिरवं, झाडाला मात्र अजून जांभळीच लटकलेली. झाडाचं चित्र वेगळ्या तक्त्यात असतं, टाइलशीट्स/क्रॉप्स नावाच्या, आणि तिथे एका पिकाच्या बी ते फळ अशा सगळ्या अवस्था १६ बाय ३२ च्या चौकोनांत ओळीनं मांडलेल्या असतात. तो तक्ता त्यानं त्याच रात्री बाहेर काढून पेनड्राइव्हवर घेतला. आता नाताळच्या सुट्टीत येईल तेव्हा मळ्यात जाऊन वांग्याच्या झाडाचे फोटो काढायचे, रोपापासून तोडणीपर्यंतचे, असं आमचं ठरलंय.