कॉलेजचा खेळाडू आणि अडकलेलं सेमिस्टर: या चुका टाळा

"खेळाच्या नादात वर्ष घालवलं," हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. प्रकरण खोदून पाहिलं तर दोष मॅचचा कमी आणि वेळेवर न दिलेल्या अर्जाचा जास्त निघतो.

हजेरीचा हिशोब शेवटी करणं

सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचं. ७५ टक्के हजेरी हवी, म्हणजे मुभा पावणेचार आठवड्यांची. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की कॅम्प, प्रवास आणि पश्चिम विभागाचे आंतरविद्यापीठ सामने (राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, कुठेही) यात तीन आठवडे सहज जातात. उरलेल्या चार-पाच दिवसांत ताप, मामेबहिणीचं लग्न आणि 'आज पाऊस फार आहे' हे सगळं बसवायचं. कँटीनमध्ये बसून बुडवलेलं लेक्चर खेळाडूला परवडत नाही ते यामुळे.

परत आल्यावर अर्ज देणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. "जिमखान्याच्या सरांना माहितीये" एवढ्याने ऑफिसचं भागत नाही. निघण्याआधी अर्ज द्या. त्यात वर्ग, रोल नंबर आणि घरून निघण्या-परतण्याच्या तारखा लिहा. बरेच जण फक्त सामन्याच्या तारखा टाकतात आणि रेल्वेत गेलेले दिवस गैरहजेरीत जमा होतात. निवडपत्राची प्रत जोडा. त्या काळात येणारी इंटर्नल, प्रॅक्टिकल, सबमिशन विषयवार नोंदवून पर्यायी तारीख मागा. क्रीडा संचालक आणि प्राचार्यांच्या सह्या झाल्या की आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नव्हता असं समजा!

हजेरी कमी पडलेल्यांच्या डिफॉल्टर यादीत नाव लागूनच गेलं असेल तर वडिलांना भांडायला पाठवू नका. निवडपत्र, सहभागाचं प्रमाणपत्र आणि तिकिटं घेऊन आधी विभागप्रमुखांना भेटा. इंटर्नल पुन्हा घेण्याची वाट बऱ्याचदा निघते. विद्यापीठाचा पेपर मात्र तुमच्यासाठी कॉलेज पुढे ढकलू शकत नाही.

ग्रेसच्या भरवशावर राहणं

सवलतीच्या गुणांचे नियम विद्यापीठागणिक वेगळे, आणि मागणी मुदतीत करावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणात सह-अभ्यासक्रम म्हणून क्रीडेला क्रेडिट आहेत, पण मॅच खेळलात म्हणून ते आपोआप खात्यात पडत नाहीत.

एटीकेटी साठवत जाणं

एटीकेटी म्हणजे नापास विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणं. असे विषय राहत गेले आणि ड्रॉप लागला, म्हणजे पुढच्या वर्गाचा प्रवेशच अडला, की नियमित विद्यार्थी म्हणून प्रवेश उरत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला नियमित, पूर्णवेळ विद्यार्थीच चालतो. म्हणजे नापास झाल्याचा फटका पुढच्या सीझनलाही. प्रशिक्षकांनाही हे गणित सांगा, पोरगा संघातून सुटला तर त्यांचाही संघ मोडतो.

(अनिल कुंबळे इंजिनिअर झाला, हा दाखला पालक हमखास देतात. खरा आहे, पण त्याने सबमिशनची तारीख पुढे जात नाही.)

सर्टिफिकेट ट्रंकेत टाकून विसरणं

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी पदाला लागणारी शैक्षणिक पात्रताही हवीच. शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा सीझन संपला की कागद लावून ठेवा, आणि नावाचं स्पेलिंग मार्कशीटशी जुळतं का ते प्रमाणपत्र हातात पडताच तपासा.