टोकियोत जपानी येत नसताना या चुका टाळा

जपानीचा एक शब्द येत नसला तरी टोकियोत आठवडाभर छान फिरता येतं. आपली पंचाईत होते ती बोलून भागवायला गेल्यामुळे. तिथे लिहिलेलं दाखवलं की काम पटकन होतं.

शाकाहारी मंडळींची चूक सर्वांत त्रासाची. "नो मीट, नो फिश" सांगितलं की सुटलो, असं वाटतं. आईला घेऊन गेले होते तेव्हा मीही तेच केलं. वेटरने मान डोलावली आणि रश्शात तळलेलं टोफू आणून ठेवलं. त्यावर रंध्याखालून निघालेल्या लाकडासारखे पातळ, गुलाबीसर काप होते आणि वाफेने ते हलत होते. "अगं, हे वळवळतंय काय?" आई म्हणाली. ते होतं कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाचा कीस. आईने वाडगा सरकवला आणि त्या रात्री नुसता भात खाल्ला. मला अजून वाईट वाटतं.

वरचे काप काढूनही उपयोग नव्हता, कारण खालचा रस्साच माशाचा असतो. त्याला दाशी म्हणतात. मिसो सूप, उडोन आणि सोबा या नूडल्स, पुष्कळदा शिजवलेल्या भाज्यासुद्धा दाशीतच होतात. समोर माशाचा तुकडा दिसत नाही, म्हणून त्यात मासा आहे हे तिथल्या कुणाच्या मनातही येत नाही. तेव्हा हॉटेलच्या काउंटरवर पहिल्याच दिवशी जपानीत लिहून घ्या: मांस, मासे, कोळंबी-शिंपले आणि माशाची दाशी, काहीच चालत नाही. अंडं-दूध चालत असेल तर तेही लिहा. कोम्बु या समुद्री शेवाळाची किंवा शिताके मशरूमची दाशी चालते, हेही त्यात घाला, म्हणजे स्वयंपाक्याला वाट सापडते. बौद्ध मठांतून आलेलं शोजिन र्योरी हे जेवण निर्धास्तपणे खाता येतं, मात्र ते महाग असतं. अगदीच वरण-भाताची आठवण झाली तर एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई गाठा. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. याच वॉर्डाच्या परिषदेवर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला.

दुसरी चूक म्हणजे नुसतं स्टेशनचं नाव लक्षात ठेवणं. शिंजुकु स्टेशनला दोनशेच्या वर दारं आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर पुढची वीस मिनिटं पायपीट करण्यात जातात. निघण्याआधी एक्झिटचं नाव किंवा नंबर टिपून ठेवा. नावं वाचायचा गोंधळ होत असेल तर रेषेचं, म्हणजे रेल्वेमार्गाचं, अक्षर आणि स्टेशनचा आकडा धरा. गिंझा रेषेवर शिबुया म्हणजे जी 01. हिरव्या यामानोते रेषेवर उलट्या दिशेने बसलात तरी घाबरू नका, ती गोल फिरते. पूर्ण फेरीला तासभर लागतो, एवढंच.

"ही गाडी उएनोला जाते ना?" असं विचारू नका. "हाय" (हो) असं उत्तर येईल आणि त्याचा अर्थ कित्येकदा "तुमचं बोलणं ऐकतोय" एवढाच असतो. त्यापेक्षा नकाशावर उएनोवर बोट ठेवा. समोरचा माणूस स्वतःच योग्य फलाट दाखवेल. दोन्ही हातांची फुली केली किंवा "चोत्तो..." (जरा...) म्हणत थांबला, तर नकार समजा. तिथेच हट्ट धरून बसू नका.

टॅक्सीवाल्याला पत्ता तोंडी सांगू नका. बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, पत्ता विभाग, ब्लॉक आणि इमारतीच्या आकड्यांनी चालतो. हॉटेलचं जपानीत छापलेलं कार्ड पुढे करा. मागचं दार आपोआप उघडतं, ओढायला जाऊ नका.

भाषांतराचं ॲप ऑफलाइन चालेल असं घरूनच डाउनलोड करून ठेवा. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात आणि त्यानंतर पहाटेपर्यंत टॅक्सीच. तिला रात्री दहापासून वीस टक्के जादा पडतात.

आणि वाट चुकलातच तर कोपऱ्यावरची पोलीस चौकी शोधा, तिला कोबान म्हणतात. रस्ता सांगणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचं काम, भिंतीवर मोठा नकाशाही असतो. कार्ड दाखवा आणि "सुमिमासेन" (माफ करा) म्हणा. पासपोर्ट मात्र जवळ हवा, परदेशी पाहुण्याने तो बाळगणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे. पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 119.