पॅरिसमध्ये पाऊस लागलाय? मग मोने, ओर्से आणि रोदाँची बाग असा दिवस काढा

पॅरिसला सकाळी खिडकीतून पाऊस दिसला की बरेच जण सरळ लूव्रची लाईन गाठतात, आणि मग अख्खा दिवस गर्दीत जातो. त्यापेक्षा सेन नदीच्या दोन्ही बाजूंची ही तीन म्युझियम घ्या, चित्रकार मोनेच्या कमळांचं ओरांजरी, चित्रं-शिल्पांचं ओर्से आणि शिल्पकार रोदाँचं म्युझियम, सगळं चालत होतं, आणि नियम एकच, जोराचा पाऊस आला की आत, भुरभुर असली की बागेत.

आधी वार बघा. ओरांजरी मंगळवारी बंद, ओर्से आणि रोदाँ सोमवारी बंद, म्हणजे बुधवार ते रविवार यातलाच दिवस धरा. तिकीट ऑनलाइन वेळ निवडून काढून ठेवा, कारण बिनतिकिटाची लाईन बाहेर उघड्यावर असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ओरांजरी आणि ओर्से फुकट असतं, पण त्या दिवशी पाऊस असेल तर मी म्हणेन टाळाच.

लांब दांड्याची छत्री नको, ती क्लोकरूममध्ये ठेवावी लागते आणि निघताना परत घ्यायला थांबा. फोल्डिंग छत्री, एक प्लास्टिकची पिशवी, टोपीवालं जॅकेट आणि पाणी न शिरणारे बूट. ओरांजरी ज्या त्वीलरी बागेत आहे तिथल्या वाटा बारीक खडीच्या आहेत, पावसात पांढरट चिखल होतो, कॅनव्हासचे बूट गेलेच समजा.

सुरुवात ओरांजरीपासून, उघडतानाच म्हणजे ९ वाजता. ही इमारत १८५२ मध्ये त्वीलरीतली संत्र्याची झाडं थंडीत ठेवायला बांधली होती, आता तिथे दोन लंबगोल दालनांत मोनेची कमळं आहेत, ८ प्रचंड चित्रं, भिंतीसोबत वळत जाणारी. पावसाच्या दिवशी हीच जागा का, तर इथे उजेड छतातून येतो, खराखुरा दिवसाचा. बाहेर ढग सरकला की चित्रातलं पाणी काळवंडतं, जरा उघडलं की निळा वर येतो. फोटो काढून लगेच निघू नका प्लीज, मधल्या बाकावर वीस मिनिटं नुसतं बसा, एखादा ढग तरी सरकू द्या. मग तळघरात सूतिन, मोदिल्यानी, सेझान या चित्रकारांची कामं आहेत तीही बघा.

बाहेर आल्यावर पाऊस कमी असेल तर त्वीलरीत एक फेरी मारा, बागा आखणाऱ्या ल नोत्रने १६६४ पासून आखलेली सरळ रेषांची बाग आहे, ओली झाली की रिकामी होते आणि तिची आखणी तेव्हाच नीट कळते. वादळी वारा असेल तर बागा बंदही करतात, मग हट्ट नको. तिथून पादचारी पुलावरून पलीकडे ओर्से, पुलाची फरशी लाकडी आहे, ओली असताना हळू चाला.

ओर्से मूळचं १९०० चं रेल्वे स्टेशन, १९८६ ला म्युझियम झालं. आधी पाचव्या मजल्यावर जा, इंप्रेशनिस्ट, म्हणजे मोने आणि त्याच्यासारखे बदलता उजेड रंगवणारे चित्रकार, तिथेच आहेत, आणि मोठ्या घड्याळाच्या काचेतून पावसातली नदी दिसते. पण निघण्याआधी रोदाँच्या ‘नरकाचं द्वार’ या आकृत्यांनी भरलेल्या दाराच्या शिल्पाचं प्लास्टर नक्की शोधा. १८८० मध्ये हे दार ज्या म्युझियमसाठी रोदाँला करायला सांगितलं होतं ते याच जागेवर व्हायचं होतं, झालंच नाही, आणि पुढे इथे स्टेशन आलं. म्हणजे दार उशिरा का होईना, आपल्या जागी पोचलं.

आता बेलशास रस्त्याने दक्षिणेकडे, वारेन रस्त्याला उजवीकडे, साधारण वीस मिनिटांत रोदाँ म्युझियम. तेच दार इथे बागेत ब्राँझमध्ये उभं आहे आणि ओलं असताना त्यावरच्या आकृत्या काय उठून दिसतात! थेंब खांद्यावरून, पाठीवरून ओघळतात, स्नायू चमकतात, कोरड्या दिवशी हे दिसत नाही. ‘काले शहराचे नागरिक’ या सहा माणसांच्या शिल्पाभोवती पूर्ण फेरी मारा, समोरून बघून सोडू नका, सहाही माणसं वेगळी कोसळलेली आहेत. पाऊस वाढला तर म्युझियमच्या बंगल्यात शिरायचं, तिथे संगमरवराची कामं आहेत.

गुरुवार असेल तर क्रम बदला, ओर्से रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, तेव्हा रोदाँ दुपारी उजेडात करा आणि ओर्से शेवटी.