होमस्टेच्या वेबसाइटवर काय लिहायचं, म्हणजे गूगललाही कळेल आणि पाहुण्यालाही

फोंड्यात आमच्या मावसभावाचा होमस्टे आहे, त्याच्या वेबसाइटची पहिली ओळ होती ‘गोवा होमस्टे, बेस्ट होमस्टे गोवा, स्वस्त होमस्टे गोवा’. असं अजिबात करू नका, वाचणारा तिथूनच परत फिरतो आणि गूगल याला कीवर्ड स्टफिंग (तेच तेच शोधशब्द कोंबणं) म्हणून स्पॅममध्ये धरतं.

आधी आठवडाभर पाहुणे फोनवर काय विचारतात ते वहीत लिहून काढा. मंगेशीचं देऊळ किती लांब, कदंबा बस (गोव्याची सरकारी बस) कुठे सोडते, आजीला जिने चढावे लागतील का, शिवराक (शाकाहारी) जेवण मिळेल का... लोक गूगलमध्येही हेच टाइप करतात, म्हणून तेच प्रश्न हेडिंग करा आणि उत्तर लगेच खालच्या ओळीत द्या, गोव्याच्या निसर्गावर निबंध नको.

टायटलला, म्हणजे गूगलच्या रिझल्टमध्ये दिसणाऱ्या पानाच्या शीर्षकाला, सगळ्यात जास्त वेळ द्या. नुसतं ‘वेलकम’ लिहून जागा फुकट घालवू नका, ‘मंगेशी देवळाजवळ फॅमिली होमस्टे, फोंडा’ एवढं पुरे, लांबलचक टायटल रिझल्टमध्ये कापलं जातं. मेटा कीवर्ड्स (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) भरायचे कोण पैसे मागत असेल तर देऊ नका, गूगलने २००९ मध्येच सांगितलंय की रँकिंगसाठी ते बघत नाही. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाची एक-दोन ओळींची ओळख, मात्र लिहाच, रिझल्टखाली ते दिसलं तर माणूस क्लिक करतो.

फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, द्या, ‘तुळशीवृंदावन असलेलं अंगण’ असं साधं, अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो.

मग सगळं मोठ्याने वाचा, जिथे अडखळाल तिथे वाक्य मोडा. महिन्याभराने सर्च कन्सोलमध्ये (वेबसाइटच्या मालकांसाठी गूगलचं मोफत साधन) लोक काय शोधून आले ते बघा आणि राहिलेली उत्तरं पानावर घाला.