जुनी कंपनी सोडताय? आधी रुजू झाल्याची तारीख बघा
वाळूज एमआयडीसीत पंधराएक वर्षं काढून आता स्वतःचं वर्कशॉप टाकायचं म्हणताय, तर राजीनामा घाईत टेकवू नका. ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांत, शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त भरले तर ते वर्ष पूर्ण धरतात. म्हणजे 15 वर्षं 5 महिन्यांवर निघालात तर हिशेब 15 चाच, 15 वर्षं 7 महिन्यांवर 16 चा. सूत्र सोपं: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. दोन महिने कळ काढली की अर्ध्या महिन्याहून जास्त पगार पदरात! रिलीव्हिंग लेटर मागून घ्याच. पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढवायला एचआरवाले हमखास विसरतात. दोन महिने उलटले तरी दिसली नाही, तर यूएएनने (तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबराने) लॉगिन करून ती आपली आपण टाकता येते.