वेफर्स युनिटचा सुरुवातीचा खर्च: हिशेब असा दुरुस्त केला

रावेरच्या केळी वेफर्स युनिटचा सुरुवातीचा सगळा खर्च पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा दाखवला होता. तो तोडून मांडला. प्रकल्प अहवाल, बाजार पाहणी, कराराची वकील फी: 1961 च्या आयकर कायद्याचे कलम 35डी, पाच वर्षांत पाच समान हप्त्यांनी वजावट, मर्यादा प्रकल्प खर्चाच्या 5 टक्के. प्रकल्प 20 लाखांचा असेल तर एकूण 1 लाख, वर्षाला 20 हजार. स्लायसर (काप करणारे यंत्र), पॅकिंग मशीन घसाऱ्यात, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणाऱ्या वजावटीत, 15 टक्के. पहिल्या वर्षी वापर 180 दिवसांहून कमी असेल तर निम्मा. खरी फसगत रोखीत होते: मशीनपोटी एकाला एका दिवसात 10 हजारांवर रोख दिली, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी मशीनच्या किमतीत धरलीच जात नाही. युनिट तयार झाल्यानंतरचे भाडे, पगार मात्र विक्री नसली तरी त्याच वर्षी वजा होतात. युनिट कधी तयार झाले हे दाखवायला चाचणी उत्पादनाच्या तारखेचा कागद हवाच.