सोलापूरच्या गच्चीवर अंबाडी: पेरणीपासून भाजीपर्यंत

माघ सरता सरता सोलापूरचं ऊन चढायला लागतं आणि कोथिंबीर, मेथी मागे पडतात. मार्चात पेरलेली कोथिंबीर तर धड पानं येण्याआधीच फुलावर जाते. अंबाडीचं उलट. तिला फुलायला लहान दिवस लागतात, त्यामुळे दिवस मोठे होत असताना पेरली की ती नुसती पानं देत राहते. वसंतात गच्चीवर एकच पालेभाजी लावायची असेल तर हीच लावावी. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पेरली की पाडव्याच्या आसपास पहिला तोडा मिळतो.

चौघांच्या घराला १२ इंच रुंद, १० इंच खोल अशा चार ग्रो बॅगा पुरतात. शेतातली काळी माती एकटी भरू नका. भिजली की तिचा चिकट गोळा होतो, वाळली की भेगा पडतात आणि भेगांबरोबर कोवळी मुळंही तुटतात. दोन घमेली माती, दोन घमेली शेणखत, एक घमेलं जाड वाळू असं मिसळा आणि दर बॅगेला मूठभर निंबोळी पेंड घाला. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं: हात घातला तर गरम लागू नये, वास मातीचा यावा. कच्च्या खतानं रोपं जळतात, वर हुमणीही (मुळं खाणारी अळी) येते. बॅगा थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा, म्हणजे तळ तापत नाही.

बी रात्रभर भिजवा, वर तरंगणारं टाकून द्या. अर्धा इंच खोल पेरायचं, त्याहून खाली नाही. वर खपली धरली की कोंब आतच वाकतो. पाच-सहा दिवसांत उगवण होते. चार पानं आली की बॅगेत सात-आठ रोपं ठेवून बाकीची उपटा. इथे हात आखडला की सगळीच रोपं बारीक काडीसारखी वाढतात. उपटलेली रोपं वरणात घाला.

पाणी सकाळी आठच्या आत. गच्चीवरच्या पाइपातलं दुपारचं पाणी चटका बसण्याइतकं तापलेलं असतं. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून बोअरचं वापरावं लागलं, तर मातीवर क्षाराचा पांढरा थर धरतो. तो खरवडून काढा आणि नळाचं पाणी आलं की तळातून वाहेपर्यंत भरपूर सोडा. याच दिवसांत ज्वारीची काढणी झालेली असते. कडब्याचे तुकडे दोन इंच जाड पसरले की ओल टिकते. एप्रिलपासून मात्र दुपारपुरती सावलीला हिरवी जाळी हवीच.

शेंड्याकडे मुंग्यांची ये-जा दिसली की पान उलटून बघा, पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) असणार. एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर पानंच करपतात. त्यानंतर चार-पाच दिवस तोडणी नको.

मंडईत अंबाडी मुळासकट मिळते म्हणून घरीही उपटू नका. रोप सव्वा फुटाचं झालं की खालची चार-पाच पेरं ठेवून शेंडा खुडा. बगलेतून फांद्या फुटतात आणि पंधरा दिवसांत पुन्हा तोडा येतो.

आता भाजी. पानं पाव किलो, तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या प्रत्येकी पाव वाटी, शेंगदाणे दोन चमचे. डाळ, अर्धा तास भिजवलेल्या कण्या आणि शेंगदाणे दोन वाट्या पाण्यात, चार शिट्ट्या होईपर्यंत शिजवा. पानं वेगळी, स्टीलच्या पातेल्यात सात-आठ मिनिटं उकळा आणि पाणी निथळून पिळून घ्या. सगळं एकाच कुकरात लावायचा मोह होतो, पण अंबाडीच्या आंबटात डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या घ्या. अॅल्युमिनियमचं भांडंही टाळा, आंबटानं धातूचा अंश भाजीत उतरतो. पानांचा हिरवा रंग जातो, तो जाणारच. सोडा घालून वाचवू नका, चव बिघडते.

डाळ-कण्या आणि पानं डावानं एकत्र घोटा. तीन मोठे चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि चार हिरव्या मिरच्या परता, त्यात घोटलेली भाजी, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून पाच मिनिटं रटरटू द्या. फार आंबट झाली तर गूळ वाढवत बसू नका, अर्धी वाटी शिजलेलं वरण मिसळा. शेवटी दहा-बारा ठेचलेल्या लसूण पाकळ्या तेलात लालसर करून भाजीवर ओता. सोबत ज्वारीची भाकरी, गरम किंवा कडक. कडक असेल तर भाजी थोडी सैल ठेवा.

दुसऱ्या तोड्याची पानं चटणीला ठेवा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ही चटणी नेहमीची असते. पानं धुऊन सावलीत पूर्ण कोरडी करा, तेलात परता आणि भाजलेल्या सुक्या मिरच्या, लसूण, मीठ घालून वाटा. पानात पाण्याचा अंश राहिला तर चटणीला दोन दिवसांत बुरशी धरते. नीट कोरडी असली, वर तेल राहिलं आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवली, तर आठवडाभर सहज टिकते.